नाक उघडणारी गोळी

आमच्या घरात वासाला बंदी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी अत्तर लावलेलं नाही, सुगंधी साबण वापरलेला नाही, कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या नाहीत. कांदा चिरायचा तर खिडकी उघडून, आणि तोही हे कामावर गेल्यावर. कारण काय, तर आमचे हे चहा पितात. चहा सगळेच पितात म्हणा, पण ह्यांचं तेच काम आहे. चहाच्या कंपनीत हे मुख्य टेस्टर. बागांमधून आलेल्या चहाचे नमुने एका लांब पांढऱ्या टेबलावर कपांमधून मांडलेले असतात. हे चमचा बुडवतात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा भुरका मारतात, घोट तोंडात घोळवून वास नाकात चढवतात आणि चाकं लावलेल्या पिकदाणीत थुंकून पुढच्या कपाकडे सरकतात. कुठला चहा ओला राहिला, कुठला भट्टीत जास्त भाजला, कुठल्या पोत्याला गोदामात बुरशी धरली, ते सगळं ह्यांना नाकातून कळतं. जिभेला फक्त गोड-कडू कळतं हो, बाकी सगळं नाक, असं हे पाहुण्यांना समजावून सांगतात. पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसते आणि माझ्या पायाखालचा जादा ब्रेक दाबते. त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झालीय असं ह्यांचं मत आहे. असेल. पण जे सांगणार आहे ते तिखट जिभेनंही सांगवत नाही, इतकं ते माझ्या जिवाला लागलंय.

सुरुवात हृदयापासून झाली. जिना चढताना ह्यांच्या छातीत कळ आली, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातून सावरतोय न सावरतोय तोच लघवीचं दुखणं उपटलं. हे बाथरूममध्ये जायचे आणि तिथलेच व्हायचे. मी बाहेरून विचारायची, "अहो, आत वर्तमानपत्र येतं का?" धार बारीक, मधेच तुटणारी. बाहेर आले की पुन्हा जावंसं वाटायचं. पिक्चरला गेलो तर कडेची खुर्ची, प्रवासाला निघालो तर आधी वाटेतल्या स्वच्छतागृहांची चौकशी. प्रोस्टेटची ग्रंथी वाढली होती. ह्या वयात पुष्कळ पुरुषांची वाढते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डॉक्टर बाई आहेत हे कळल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला की जणू मीच मुद्दाम शोधून आणलीय.

बाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "ऑपरेशन केलं तर हा प्रश्न मिटेल. पण जाळी नवीन आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या आत्ता थांबवता येत नाहीत आणि त्या चालू असताना मी हात लावणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले मी. अजून सहा महिने थांबावं लागेल. तोवर ही गोळी घ्या."

गोळीनं गुण आला. पहिल्या आठवड्यात हे खुर्चीतून ताडकन उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आधाराला धरलेला पडदा दांडीसकट खाली घेऊन आले. बाईंनी बजावलंच होतं की ह्या गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, तेव्हा उठताना सावकाश. पण लघवी धो धो व्हायला लागली. निवडणूक जिंकल्यासारखे हे बाथरूममधून बाहेर यायचे. मीही खूश होते. घरात पुन्हा शांत झोप आली होती.

मग एक दिवस मी नियम विसरले आणि ह्यांच्या समोरच कांदा चिरला. हे शेजारी उभे राहून माझ्याशी गप्पा मारत होते. खिडकी बंद होती. मी सुरी खाली ठेवली आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चोंदलंय," हे म्हणाले. "सर्दी असेल."

सर्दी नव्हती. शिंक नाही, ताप नाही, घसा ठीक. नाक मात्र आतून बूच मारल्यासारखं बंद. आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या निवडीचे नमुने यायला लागले होते. त्या निवडीवर वर्षभराचा चहा ठरतो, आणि ती निवड ह्यांच्याशिवाय कधी झालेली नाही.

जे मला तेव्हा कळलं नाही, ते आता सांगते. टेस्टिंगच्या खोलीत खिडकीपाशी एक पत्र्याची डबी असते. तिच्यात सर्दीच्या गोळ्या असतात, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या. ह्या धंद्यात तशी रीतच पडून गेलीय. मोठ्या टेस्टिंगच्या सकाळी जो तो येतो, हात धुतो, एक गोळी तोंडात टाकतो आणि चमचा उचलतो. नाक चांगलं असलं तरी. ह्यांच्या गुरूंनी ह्यांना तसंच शिकवलं, ह्यांनी पुढच्यांना. चमचा, कप, तराजू, डबी. तिला कुणी औषध म्हणतच नाही. पूर्वी हे हंगामात एखाददुसरी घ्यायचे. आता रोज घ्यायला लागले, पुढे सकाळी एक आणि जेवणानंतर एक. नाक उघडलं. हे माझ्याजवळ एक अक्षर बोलले नाहीत.

त्या दिवशी मी एका बाईंना चौकात वळण घ्यायला शिकवत होते. फोन वाजला. ह्यांच्या ऑफिसातला किटली. तो पाणी उकळतो, कप मांडतो, म्हणून त्याला सगळे किटलीच म्हणतात, तोसुद्धा स्वतःला किटलीच म्हणतो. "वहिनी, लवकर या. साहेबांची लघवी अडकलीय. सकाळपासून थेंब नाही. भिंतीला डोकं टेकून उभे आहेत."

मी त्या बाईंना फुटपाथवर उतरवलं, सॉरी म्हणायचंसुद्धा राहिलं, आणि सुटले. ऑफिसच्या दारात हे किटलीच्या खांद्यावर रेलून उभे होते. चेहरा पांढरा, शर्ट घामानं चिकटलेला, दोन्ही हात ओटीपोटावर. किटली मागे बसला, ह्यांना माझ्या शेजारी बसवलं. आणि तिथेच घोळ झाला. माझ्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आहे. रस्त्यात खड्डा आला की ह्यांना कळ यायची, आणि कळ आली की ह्यांचा पाय ब्रेकवर पडायचा. गाडी धाडकन थांबायची. त्या हिसक्यानं आणखी कळ.

"अहो, पाय वर घ्या!"

"वर घेतला तर फुटेन मी!"

मागून लोक हॉर्न मारत होते, शिव्या घालत होते. छतावरची शिकाऊ गाडीची पाटी बघून एकजण ओरडला, "आधी मैदानात शिक!" एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मला फक्त शेजारून येणारा आवाज ऐकू येत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तसा आवाज ह्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. जनावर विव्हळतं तसा.

दवाखान्यात नळी घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली. हे डोळे मिटून रडत होते, सुटल्याच्या आनंदानं. मीही रडले. किटली दाराकडे तोंड करून उभा होता.

बाईंनी विचारलं, "माझी गोळी चुकवली का?"

"नाही."

"दुसरं कुठलं औषध?"

"हृदयाच्या गोळ्या. बाकी काही नाही," हे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. हे खोटं बोलत नव्हते. तुम्ही सुताराला औषधं विचारलीत तर तो रंध्याचं नाव घेईल का? तसंच.

किटलीनं मान वळवली. "बाई, ती डबीतली धरायची का?"

"कसली डबी?"

मग सगळं बाहेर आलं. बाई खुर्चीत बसल्या आणि मला वाटलं आता ओरडणार. पण त्या हळू आवाजात बोलल्या, तेच जास्त भीतीदायक होतं. त्या म्हणाल्या, "माझी गोळी मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेले स्नायू सैल करते. पण ती रक्तवाहिन्याही सैल करते. नाकातल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की त्यांच्यात रक्त भरतं, त्या फुगतात आणि नाक चोंदतं. सगळ्यांचं नाही, पण काहींचं. तुमचं चोंदलं. आणि तुमची ती डबीतली गोळी नेमकी उलट. ती नाकातल्या वाहिन्या आवळते, म्हणून नाक उघडतं. पण ती नाक ओळखत नाही. ती खाली मूत्राशयाचं तोंडही आवळते. वाढलेली ग्रंथी आणि वर हा फास. लघवी बंद होणारच होती." मग त्यांनी ह्यांचे हृदयाचे कागद उघडले. "आणि ती हृदयाच्या वाहिन्यासुद्धा सोडत नाही. रक्तदाब चढवते. जाळी बसवलेल्या माणसानं ती रोज खायची म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको."

"मग तुमची गोळी बदला," हे म्हणाले.

"एक आहे, तिचा गुण यायलाच सहा महिने लागतात. दुसरी तुमच्या छातीच्या औषधांबरोबर चालत नाही, जिवावर बेतेल. हीच घ्यायची. नळी दहाएक दिवस राहू दे, मग काढून बघू. आणि ती डबी बंद. कायमची."

"म्हणजे सहा महिने नाक बंद?"

"नाक बंद," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही जिवंत."

मला तो सौदा झकास वाटला. ह्यांना नाही. ते मला ह्यांच्या पाठीवरूनच कळलं.

पोटरीला पट्ट्यांनी बांधलेली पिशवी घेऊन हे घरी आले. वर सैल पॅन्ट. बाहेरून काही दिसायचं नाही. पहिले दोन दिवस हे नुसते बसून होते. मी जेवायला वाढलं की चमच्यानं ढकलायचे. "कशालाच चव लागत नाही," म्हणायचे. "गरम, थंड, खारट. बस." मग कामावर जायला लागले. मला वाटलं मन रमेल.

आठवड्याभरानं मी घरात पाऊल टाकलं, तर हे सोफ्यावरूनच म्हणाले, "आज गाडीत कुणी सिगारेट ओढली?"

एका शिकाऊ माणसानं शेवटचा झुरका ओढून गाडीत पाय ठेवला होता, तेवढंच. मी चप्पल काढता काढता थांबले. ह्यांचा चेहरा उजळलेला होता. गालांवर लाली, कपाळाची शीर टरारून फुगलेली. हे शीळ घालत होते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

"तुम्ही डबीतली गोळी खाल्लीत."

"अगं, ऐक तर. लघवी अडकायची भीती होती ना? आता नळी आहे. अडकायचा प्रश्नच नाही. मग घेतली तर बिघडलं कुठे? बाईंची गोळी बंद केली, तिची आता गरजच नाही. तेवढ्यानं नाक पुरतं उघडलं नाही, म्हणून डबीतली. नाक एकदम लख्ख!" लहान मुलानं गणित सोडवून दाखवावं तसे हे मला सांगत होते. "मला आधीच सुचायला हवं होतं."

मी हातातली किल्ली भिंतीवर फेकली. "आणि हृदय? ते काय शेजाऱ्यांचं आहे?"

"काही होत नाही. इतके दिवस घेतोय, झालं काही?"

"अहो, सहा महिने! सहा महिने रजा घ्या. घरी बसा. मी आहे ना मिळवती."

तेव्हा हे जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. "तुला ठाऊक आहे, नाक बंद असताना कप उचलला की मला काय लागतं? गरम पाणी. पंचवीस कप मांडलेले असतात आणि पंचवीसही गरम पाणी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी पानांचा रंग बघतो, बागेचं नाव बघतो आणि काहीतरी बोलतो. खोटं बोलतो. आणि ते लिहून घेतात. रजा घेऊ म्हणतेस? त्या खोलीत सहा महिने खुर्ची रिकामी राहत नाही. दुसरं नाक येईल. मग मी कोण? पिशवी बांधलेला एक म्हातारा."

मला ह्यांची दया आली. खरंच आली. पण भीती त्याहून मोठी होती. मी म्हटलं, "मला ह्या घरात एकटं टाकायला निघालात तुम्ही. एका वासापायी."

"तू उगाच ताणतेस," असं म्हणून हे आत गेले.

नळी काढून बघायचा दिवस आला. मला वाटलं, आता तरी. नळी निघाली की ह्यांना बाईंची गोळी घ्यावीच लागेल, आणि लघवी अडकायच्या भीतीनं डबी आपोआप सुटेल. टेबलावर झोपायच्या आधीच हे बाईंना म्हणाले, "राहू दे की नळी. मला सवय झालीय. मुळीच त्रास नाही."

बाईंनी आयुष्यात पुष्कळ पेशंट बघितले असतील, पण नळी राहू द्या म्हणणारा पहिलाच असावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं ओकून टाकलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरी पकडून दिलीय. बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि पट्टा काढताना त्यांचा हात थांबला.

"जाळी उघडी राहावी म्हणून हृदयाचे डॉक्टर रक्त पातळ करतायत," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही वाहिन्या आवळताय. हा दाब असाच राहिला तर पुढच्या वेळी तुम्हाला माझ्याकडे आणायची वेळच यायची नाही. नळीही जन्मभर ठेवायची वस्तू नाही. जंतू चढतात, ताप येतो. मी तुमचे पाय धरू का?"

"नको, नको. बंद करतो," हे म्हणाले. मान खाली घालून, अगदी शहाण्यासारखे. "फक्त आणखी आठवडाभर राहू द्या नळी. मग काढू."

बळजबरीनं कुणाची नळी काढता येत नाही. बाईंनी हात टेकले. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "त्यांना काय कळतंय चहातलं." मला कळलं की मोठी निवड ह्याच आठवड्यात आहे.

त्या चार-पाच दिवसांत मी काय काय केलं. ह्यांचे खिसे तपासले. जेवणानंतर बोलण्यात गुंतवून ठेवलं, म्हणजे गोळीची वेळ टळेल. किटलीला फोन करून सांगितलं, डबी लपव. तो म्हणाला, "वहिनी, लपवली होती. साहेबांनी स्वतः नवी आणली. मालकही घेतात, सगळेच घेतात, मी काय बोलू?" ह्यांच्यापुढे हात जोडले. अबोला धरला. भांडले. हे ऐकून घ्यायचे आणि सकाळी इस्त्रीची सैल पॅन्ट चढवून निघायचे. ह्यांच्या कानामागची शीर उडताना मला टेबलापलीकडून दिसायची. जेवताना मी घास विसरून ती बघत राहायची. झोपेतही माझा हात ह्यांच्या छातीवर असायचा, ह्यांना तो जड व्हायचा, हे तो बाजूला करायचे.

निवडीच्या सकाळी हे निघून गेले आणि मी पहिला विद्यार्थी घ्यायला गाडी काढली. वळणावर मी क्लच भलत्याच वेळी सोडला आणि गाडी बंद पडली. इतकी वर्षं गाडी चालवतेय, असं कधी झालं नव्हतं. मी विद्यार्थ्याला नाही म्हणून कळवलं आणि गाडी चहाच्या कंपनीकडे वळवली.

किटलीनं मला मागच्या दारानं आत घेतलं. खोलीत पांढराशुभ्र उजेड होता. लांब टेबलावर कपांची रांग, प्रत्येक कपामागे झाकणावर उपसलेली ओली पानं, वाफ निघतेय. चार-पाच टेस्टर पांढरे ॲप्रन घालून उभे, मालक टेबलाच्या टोकाला. हे मधोमध, हातात चमचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांच्या कपाळाला घाम होता आणि चेहरा तांबूस झाला होता. डबी खिडकीत उघडीच होती.

मी मालकांना म्हटलं, "साहेब, ह्यांना थांबवा. ह्यांच्या हृदयात जाळी आहे. ती सर्दीची गोळी ह्यांना विष आहे. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय. ती घेतली नाही तर ह्यांना वास येत नाही, म्हणून हे लपवून घेतायत."

हे हसले. छान, मोकळं हसले.

"हिची काळजी," हे मालकांना म्हणाले. "मला छातीत दुखलं तेव्हापासून घाबरलीय बिचारी. माझं नाक गेलंय म्हणते. बघा ना मग. कपांपुढच्या नावांच्या पाट्या उलट्या करा आणि कप हलवा."

मालक चांगले गृहस्थ आहेत, पण गमतीचा मोह त्यांनाही आवरला नाही. किटलीला खूण झाली. पाट्या उलट्या झाल्या, कपांच्या जागा बदलल्या. हे पाठ करून उभे होते, मग वळले. पहिला कप. भुरका. घोट घोळवला, थुंकले. "वरच्या बागेचा, दुसऱ्या तोडणीचा. भट्टी किंचित जास्त." मालकांनी पाटी उलटून बघितली आणि मान डोलावली. दुसरा कप. तिसरा. चौथ्याला हे थांबले, पुन्हा वास घेतला. "हा ट्रकमधून येताना रबराच्या मालाशेजारी ठेवला होता." किटली धावत गेला, गोदामात विचारून आला, आणि दारातूनच हो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी भिंतीला टेकून उभी होते आणि प्रत्येक कपाला मनात म्हणत होते, चुका. एकदा तरी चुका. त्या खोलीत ह्यांचं चुकावं असं वाटणारी मी एकटीच होते. हे चुकले नाहीत. इतकं सुरेख काम करताना मी ह्यांना कधी बघितलंच नव्हतं. ह्यांच्या कामाच्या जागी मी पहिल्यांदाच आले होते. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचीच चीड आली.

"वहिनी," मालक हसून म्हणाले, "नाक तर ठणठणीत आहे."

हे पाचव्या कपाकडे सरकले. सरकताना ह्यांनी डाव्या हातानं टेबलाची कड पकडली. कुणाचं लक्ष नव्हतं. चमचा ठेवून हे दंड चोळायला लागले, वरपासून खाली, अगदी सावकाश, जिन्यावर कळ आली होती तेव्हा चोळत होते तसेच. पुन्हा चमचा उचलला.

मी पुढे गेले, ह्यांच्या पायाशी बसले आणि ह्यांच्या पॅन्टचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला.

पिशवी अर्धी भरलेली होती. त्या पांढऱ्या उजेडात पिवळीधमक दिसत होती. तिची नळी मांडीवरून वर गेलेली. ह्यांनी पाय मागे ओढायचा प्रयत्न केला, मी घोटा घट्ट धरून ठेवला.

"हे बघा," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता. "ह्याच गोळ्यांनी ह्यांची लघवी बंद पडली, म्हणून ही नळी. आणि आता नळी आहे म्हणून हे आणखी गोळ्या खातात. नळी काढू देत नाहीत. ह्यांचा दंड दुखतोय आत्ता. विचारा. मी सांगून ऐकत नाहीत, डॉक्टर सांगून ऐकत नाहीत. तुम्ही सांगा."

एका टेस्टरनं तोंड फिरवलं. एकानं हातातला कप ठेवला, तो बशीवर वाजला. हे खाली माझ्याकडे बघत होते. ह्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसलं असतं. हे फक्त लाजले होते. शाळेत सगळ्यांसमोर चड्डी ओली झालेल्या मुलासारखे.

मालकांनी खिडकीतली डबी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "घेऊन जा ह्यांना. सरळ दवाखान्यात," ते मला म्हणाले, आणि ह्यांच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "खुर्चीचं बघू आपण. आधी बरे व्हा." हे त्या खोलीत इतकी वर्षं होते, त्यामुळे ह्यांना कळलं की 'बघू' म्हणजे काय. मलाही कळलं.

ह्यांनी ॲप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला. किटली हात द्यायला आला, तो ह्यांनी घेतला नाही. बाहेर आल्यावर हे माझ्या शेजारी बसले नाहीत, मागचं दार उघडून मागे बसले, टॅक्सीत बसावं तसे. दुखतंय का विचारलं, तर हे म्हणाले, "कमी झालंय."

"हे तू करायला नको होतंस," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. उद्या वेळ आली तर पुन्हा करेन, हे मी बोलले नाही. "बेल्ट लावा."

ह्यांनी लावला नाही. मी खाली उतरले, मागचं दार उघडलं, ह्यांच्या अंगावरून वाकून बेल्ट ओढला आणि अडकवायला लागले. बक्कल बसत नव्हतं. माझं तोंड ह्यांच्या तोंडाजवळ होतं. मी ह्यांच्याकडे बघायचं टाळत होते. गोळीचा अंमल अजून होता. तो संध्याकाळपर्यंत उतरणार होता, आणि मग सहा महिने, कदाचित पुढेही, ह्यांना सगळं गरम पाणीच लागणार होतं.

ह्यांनी हळूच श्वास आत घेतला. पुन्हा घेतला. कपावर वाकून घेतात तसा.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," हे म्हणाले.

मी बक्कल तसंच धरून ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले. रस्त्यावर लोक होते, बघत असतील. मग मी बेल्ट अडकवला, दार लावलं, पुढे येऊन बसले आणि दवाखान्याच्या दिशेनं गाडी काढली.